झाकण उचलून बघणारी

माझ्या थोरल्या जाऊबाईंना झाकण उचलून बघायची खोड आहे. मी लग्न होऊन या घरात आले त्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. मी म्हटलं, "जाऊबाई, दूध तापवलंय." त्या ओट्यापाशी गेल्या, पातेल्यावरचं झाकण उचललं, वाफ येतेय का बघितलं आणि म्हणाल्या, "हं." त्या एका 'हं'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मी काय खोटं बोलते? चौदा वर्षं झाली, बाईंची सवय काही गेली नाही. दार लावलंय म्हटलं की जाऊन कडी ओढून बघणार. गॅस बंद केलाय म्हटलं की बटण चाचपणार. भाजीवाला ताजी आहे म्हणाला की जुडी सोडून आतली पानं बघणार, आणि तो बिचारा कपाळाला हात लावणार. जावाजावा उभा दावा म्हणतात ते काही उगीच नाही. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघंही मूग गिळून बसणारे. त्यामुळे घरातलं भांडायचं सगळं काम आम्हा दोघींवर पडायचं, आणि आम्ही ते मन लावून करायचो.

आता मी हे कौतुकाने सांगतेय, पण तेव्हा मला त्यांचा इतका राग यायचा की विचारू नका.

कामालाही आम्ही दोघी एकाच ठिकाणी. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातली लाँड्री. वर सहा मजले, चारशे खाटा, आणि त्या चारशे खाटांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे, सगळं रोज खाली आमच्याकडे. एका टोकाला मळक्या कपड्यांची खोली, मधे धुण्याची तीन मशिनं, दुसऱ्या टोकाला रोलर. रोलर म्हणजे तापलेला, गरगर फिरणारा लोखंडी लोड. ओली चादर दोघींनी दोन कोपरे धरून आत सारायची, ती पलीकडून कडक इस्त्री होऊन बाहेर येते. त्याच्या तोंडाशी आडवी एक लाल दांडी. हात चुकून पुढे गेला तर आधी त्या दांडीला लागतो, दांडी आत दबते आणि रोलर जागच्या जागी थांबतो. म्हणजे थांबायला हवा.

शेजारच्या भिंतीवर प्रत्येकीच्या नावाचा एक कागद. इंग्रजीत दहा ओळी, खाली सोमवार ते शनिवार असे सहा रकाने, रकान्यात आपापली सही. त्या दहा ओळींत काय आहे हे आम्हा तेरा जणींपैकी एकीलाही माहीत नव्हतं. हजेरी असेल, असं धरून चाललो होतो. आमचा सुपरवायझर "चला चला" याशिवाय दुसरं बोलायचा नाही, म्हणून आम्ही त्याचं नावच चलाचला ठेवलं होतं. रोज सह्या करण्यात वेळ जातो म्हणून त्यानेच एक शक्कल काढली होती. सोमवारी सकाळी पेन फिरवायचं आणि सगळ्यांनी शनिवारपर्यंतच्या सह्या एकदाच ठोकून मोकळं व्हायचं. आम्हाला काय, बरंच झालं. एकदा एकीने सोमवारी सह्या केल्या आणि मंगळवारी ती लेकीच्या बाळंतपणाला निघून गेली. कागदावर मात्र बया आठवडाभर हजर! पोट धरधरून हसलो होतो आम्ही. घरातलं एक झाकण न सोडणाऱ्या आमच्या जाऊबाईंनीही नऊ वर्षं तिथे डोळे मिटून सह्या केल्या. इंग्रजी म्हटलं की त्या बिचकायच्या, चौथीपर्यंतच शिकलेल्या ना.

मग तो गुरुवार आला. सकाळचे अकरा वाजले असतील. चादरीला चुणी पडली, मी सवयीने उजव्या हाताने ती सारखी करायला गेले. हात दांडीला लागला. दांडी दबली. रोलर काही थांबला नाही. पुढचं मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की जाऊबाई ओरडत भिंतीकडे धावल्या आणि त्यांनी मोठा खटका खाली पाडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. त्या धावल्या नसत्या तर मनगट गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या मजल्यावर खाटेवर पडून मी वेड्यासारखी अंगावरची चादर बघत होते. आमचीच होती, कोपऱ्याला आमच्या लाँड्रीचा शिक्का.

आठ दिवसांनी, शुक्रवारी घरी आले, तर चलाचला दारात हजर. हातात दोन कागद.

"या एका कागदावर सही कर," तो म्हणाला, "आणि बरी झालीस की ये कामावर. येत्या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी मोठ्या मॅडम येणार आहेत. त्यांना सही झालेला हवाय."

"काय आहे त्यात?" जाऊबाईंनी विचारलं.

"इंग्रजीत आहे, तुम्हाला काय कळणार? चूक झाली, जबाबदारी हिची होती, असं आहे. नेहमीचंच."

"आणि सही नाही केली तर?"

"तर घरी बसायचं. कामात निष्काळजी म्हणून शेरा पडेल, मग दुसरीकडेही कोण उभं करणार?" त्याने दुसरा कागद पुढे केला. तो माझ्या भिंतीवरच्या कागदाची झेरॉक्स होती. "हा पुरावा. ही सही तुझीच ना?"

सही माझीच होती. नाही कसं म्हणू? त्याने चला चला म्हटलं नाही एवढंच, पण पेन काढून माझ्या पुढे धरलं. माझा उजवा हात बँडेजमध्ये. मी खरं सांगते, डाव्या हाताने करणार होते सही. माझी चूक असेलच, हात मीच पुढे नेला होता, असं मलाही वाटायला लागलं होतं. आणि नोकरी गेली तर खायचं काय?

जाऊबाईंनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, त्याला टोपण लावलं आणि त्याच्या खिशात परत खोचलं. "कागद ठेवून जा," म्हणाल्या. "आधी झाकण उचलून बघू. मग सही."

तो गेल्यावर मी त्यांच्यावरच उखडले. "तुमच्या झाकणापायी माझी नोकरी जाईल!"

"जाऊ दे गेली तर," त्या म्हणाल्या. "बोटं गेली ती काय तुझ्या चुकीने? दांडी दबलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. आता वर तूच लिहून देणार, की माझं चुकलं? डोंबल!"

सायकलच्या दुकानावर एक खोली होती. तिथे एक रिटायर्ड मास्तर संध्याकाळी पाच वाजता इंग्रजी शिकवायचे. परदेशी जायचंय अशा नर्सा तिथे जायच्या, म्हणून आम्हाला माहीत. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर जाऊबाई मला घेऊन तिथे गेल्या. मास्तर हडकुळे, स्वेटरची बटणं वरखाली लागलेली.

"कोर्स सहा महिन्यांचा आहे," ते म्हणाले.

"आमच्याकडे तेरा दिवस आहेत."

"तेरा दिवसांत इंग्रजी येत नाही, बाई."

"इंग्रजी कोणाला पाहिजे? आम्हाला हे दोन कागद पाहिजेत."

मास्तरांनी चष्मा पुसून कागद वाचले आणि म्हणाले, "मग शिकता कशाला? मी आत्ता अर्थ सांगतो की."

"सांगा. पण तुम्ही सांगितलेलं खरं कशावरून?" जाऊबाई म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या थांबल्या नाहीत. "उद्या साहेब म्हणेल, मास्तर चुकले. मग मी काय करू? मला स्वतःला वाचता आलं पाहिजे."

मास्तर रागावले नाहीत. उलट त्यांना मजाच वाटली. त्यांनी फळ्यावर पहिलं वाक्य लिहिलं. आय हॅव चेक्ड द सेफ्टी बार. "दहाही ओळी याच चालीच्या आहेत," म्हणाले. "आय हॅव अमुक, आय हॅव तमुक. इंग्रजीतला पूर्ण वर्तमानकाळ. उठा, ती खिडकी लावा."

"कशाला?"

"लावा तर."

जाऊबाईंनी खिडकी लावली. "आता म्हणा, आय हॅव क्लोज्ड द विंडो. म्हणजे मी खिडकी लावलीय. आता बघा, ती लागलेली दिसतेय का?"

"दिसतेय."

"तर हे वाक्य म्हणायचं. काम झालं, आणि झालेलं आत्ता समोर आहे. कोणी म्हटलं 'दाखव', तर दाखवता आलं पाहिजे. माझ्याकडे हाच नियम आहे. दाखवल्याशिवाय मी एकालाही हे वाक्य म्हणू देत नाही." मागच्या बाकावरच्या नर्सा हसायला लागल्या. त्यांच्याकडून मास्तरांनी याच नियमापायी फळा पुसून घेतला होता, कचरा काढून घेतला होता आणि माठसुद्धा भरून घेतला होता.

जाऊबाई मात्र हसल्या नाहीत. "अहो, हे तर आपण रोज बोलतो," त्या म्हणाल्या. "स्वयंपाक झालाय म्हटलं की ताटं घेऊन बसायचं. झालाय म्हणायचं आणि पातेलं रिकामं, असं कुठे असतं का?" मग त्यांनी फळ्याकडे बोट केलं. "म्हणजे यात लिहिलंय की मी दांडी तपासलीय?"

"हो."

"रोज?"

"रोज. आणि ही दुसरी ओळ, थांबवायचं बटण दाबून पाहिलंय. तिसरी, जाळी साफ केलीय."

"नऊ वर्षं," जाऊबाई म्हणाल्या. "नऊ वर्षं मी लिहून देतेय, की मी तपासलीय. त्या दांडीला मी एकदा फडकंसुद्धा लावलं नाही हो." आणि त्या रडल्या. चौदा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. बाकावर बसून, नर्सांसमोर, नाक ओढत. बरं, त्यांना जवळ घेऊ म्हटलं तर माझा हात गळ्यात अडकवलेला.

मग मास्तरांनी दुसरा कागद वाचला, जो चलाचलाला सही करून हवा होता. आय हॅव रेड अँड अंडरस्टूड धिस लेटर. आय हॅव बीन केअरलेस. मी हे पत्र वाचलंय आणि मला ते समजलंय. माझ्याकडून निष्काळजीपणा झालाय.

"वाचलंय?" मी ओरडले. "मी? मला एबीसीडी येत नाही, तर मी वाचलंय कसं?"

"तेच तर," मास्तर म्हणाले. "दाखवा म्हटलं तर दाखवता येईल का तुम्हाला?"

त्या दिवसापासून मीही शिकायला बसले. रोज पाच ते सहा मास्तरांकडे, मग घरी ओट्यापाशी. घराची शाळा झाली. जाऊबाई भांडी घासून ओरडायच्या, "आय हॅव वॉश्ड द भांडी!" आणि मला उठून भांडी बघायला लावायच्या. थोरले दीर कधी नव्हे ते जेवता जेवता म्हणाले, "आय हॅव ईटन." जाऊबाईंनी त्यांच्या ताटात डोकावून बघितलं. "खोटं. भाजी तशीच आहे. संपवा आधी." बिचारे त्यानंतर पुन्हा इंग्रजीच्या वाटेला गेले नाहीत.

पहिल्याच सोमवारी चलाचला नेहमीसारखा पेन घेऊन फिरला. जाऊबाईंनी पेन घेतलंच नाही.

"बाकीच्या अकरा जणी काय वेड्या आहेत?" त्याने विचारलं.

"वेडी मीच होते, नऊ वर्षं. दांडी दुरुस्त झालीय का?"

"मशीन चालतंय की नाही? मग झालं तर."

"ही दुर्घटना झाल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही तसंच चालू केलंत. मी तपासलेली नाही, मी लिहून देणार नाही."

"मग मळक्या खोलीत पाठवीन तुम्हाला. रक्तातल्या चादरी निवडायला."

"पाठवा," त्या म्हणाल्या. "तिथली घाण दिसते तरी."

बाकीच्यांनी मात्र सह्या केल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही. पंधरा दिवसांपूर्वी मीही केल्याच होत्या.

शुक्रवार दोन दिवसांवर आला तेव्हा जाऊबाई ओट्यापाशी बसून माझ्या झेरॉक्सवर बोट फिरवत होत्या. नवीन शिकलेल्या पोरासारखं एकेक अक्षर जुळवत. वाक्यं तर पाठ झाली होती, आता वार वाचायचे होते. "मंडे. ट्यूसडे. वेन्सडे. थर्सडे, तो मेला गुरुवार. फ्रायडे. सॅटरडे." बोट थांबलं. परत मागे आलं, परत पुढे गेलं.

"अगं," त्या म्हणाल्या, "शनिवारी तू कुठे होतीस?"

"कुठे असणार? तिसऱ्या मजल्यावर. शुद्धसुद्धा धड नव्हती."

"मग ही सही कोणाची?"

मी बघितलं. गुरुवारी माझा हात गेला. शुक्रवारच्या रकान्यात माझी सही. शनिवारच्या रकान्यात माझी सही, चांगली ठळक, शेवटच्या अक्षराला शेपटी काढलेली. जो हात बँडेजमध्ये होता त्याच हाताने शनिवारी मी लिहून दिलं होतं, की दांडी तपासलीय. मग मला हसू फुटलं, त्यांनाही फुटलं, आणि हसता हसता मला इतका संताप आला की मी पेला उचलून मोरीत आपटला.

शुक्रवारी मॅडम अकरा वाजता तळघरात आल्या. वयाने आमच्यापेक्षा लहान, हातात फाईल. चलाचला मागे दोन पावलं. मी जाऊबाईंच्या शेजारी उभी. कामावर नव्हते तरी आले होते.

"सही झाली का?" मॅडमनी विचारलं.

"नाही केली," मी म्हटलं.

मॅडमनी फाईल उघडली. "हे बघा, मला तुमच्याबद्दल वाईट वाटतं. पण तुम्ही रोज लिहून दिलंय की दांडी तपासली. त्या दिवशीची सही पण आहे."

"आणि त्याच्या पुढच्या दिवशीची पण आहे," जाऊबाई म्हणाल्या. "आणि शनिवारची पण. ही शनिवारी तुमच्याच हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर पडली होती. तिने खाली येऊन दांडी कशी हो तपासली?"

मॅडमनी कागद डोळ्यांजवळ नेला. एकदा सहीकडे, एकदा माझ्या हाताकडे बघितलं. "हे काय आहे?" त्यांनी चलाचलाला विचारलं. तो म्हणाला, चुकून झालं असेल, हिनेच पुढच्या सह्या करून ठेवल्या असतील, बाकीच्या सगळ्या नियमाने रोज तपासतात.

"मग उद्याच्या सह्या बघा की," जाऊबाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. अकरा कागद. आज शुक्रवार, आणि अकराही कागदांवर शनिवारच्या सह्या झालेल्या. बारावा, जाऊबाईंचा, कोरा.

रोलर चालूच होता. जाऊबाईंनी कोपऱ्यातला झाडू उचलला. मॅडमना वाटलं मारतायत की काय, त्या मागे सरल्या. जाऊबाईंनी झाडू उलटा धरला आणि दांड्याने लाल दांडी दाबली. पुरती आत दाबली. रोलर फिरत राहिला. मग त्यांनी दांडा आणखी पुढे सारला आणि सोडून दिला. रोलरने तो ओढून घेतला. कडाकडा आवाज झाला, ढलप्या उडाल्या, जळक्या लाकडाचा वास सुटला. माझ्या हाताला त्या क्षणी इतकी कळ आली की मी खाली बसले. एकीने खटका पाडला. अकराही जणी हातातलं टाकून भोवती जमल्या.

जाऊबाईंना धाप लागली होती. पण पुढचं त्या इंग्रजीत बोलल्या. तेरा दिवसांत त्यांनी जे कमावलं होतं ते सगळं तिथे काढलं.

"मॅडम. यू हॅव सीन. नाऊ यू साइन."

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. रोलर तीन आठवडे बंद राहिला, चुरगळलेल्या चादरी वर गेल्या आणि डॉक्टर मंडळी कुरकुरली. नवी दांडी आली. चलाचलाची बदली झाली, पण जायच्या आधी त्याने आपला शब्द खरा केला आणि जाऊबाईंना मळक्या खोलीत पाठवलं. अजून त्या तिथेच आहेत. कोणी त्यांना परत बोलावलं नाही, आणि त्या मागायला गेल्या नाहीत. मी कामावर परतले. आम्ही आता रोज सकाळी लाकडाच्या फळीने दांडी दाबून बघतो, रोलर थांबला की मगच त्या दिवसाची एक सही. बारा मिनिटं जातात. जाऊ देत.

तर त्या शुक्रवारी. मॅडमनी वाकून एक ढलपी उचलून बघितली. मग त्यांनी मी सही न करता परत आणलेलं ते पत्र माझ्याकडून घेऊन उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या. जाऊबाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आणि हिचं?" मॅडमनी आणखी एक ओळ लिहिली, खाली सही केली आणि कागद फाईलमध्ये घालायला लागल्या.

"थांबा," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी कागद घेऊन माझ्या हातात दिला. "वाच गं."

"मी?"

"मग काय मी? तुझं पत्र आहे."

सगळ्या जणी बघत होत्या. मी एकेका शब्दावर बोट ठेवत गेले. आय. हॅव. सीन. द मशीन. पुढे अडखळले, जाऊबाई ओठ हलवत होत्या पण सांगेनात. द बार. डज नॉट. वर्क. मग तिसरी ओळ. द वर्कर. हॅज नॉट. बीन. केअरलेस.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग डाव्या हातात कागद धरून उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांत पेन पकडलं आणि मॅडमच्या सहीखाली माझी सही करायला लागले. वाकडी येत होती, शेपटी तर जमलीच नाही.

"अहो, तुमची सही नकोय," मॅडम म्हणाल्या. "माझी पुरे आहे."

"हवीय," मी म्हटलं. "मी वाचलंय."